दूध चावणारे सर

आमच्या कोल्हापुरात दूध प्यायचं ते कट्ट्यावर उभं राहून. समोर म्हैस, तिच्या सडाखाली बादली आणि आपल्या हातात फेसाळ, कोमट दुधाचा पेला. तो ओठाला लावायचा, एका दमात रिकामा करायचा, मिशीवरचा फेस मनगटानं पुसायचा आणि "आनि एक भर" म्हणायचं. बाहेरगावचा पाहुणासुद्धा हे दोन मिनिटांत शिकतो. पण त्याच कट्ट्यावर रोज संध्याकाळी एक उंच, सडपातळ गृहस्थ दूध चावत उभे असतात.

हो, चावत. एक घोट तोंडात घेतात, ओठ घट्ट मिटतात, आणि मग त्यांचा जबडा सावकाश डावीकडून उजवीकडे जायला लागतो. गाल हलतात, कानशिलाची शीर हलते, नजर समोर कुठंतरी लागलेली असते. शेजारी म्हैसही तेच करत असते. नवख्या माणसाला दोघांपैकी कुणाकडं बघावं हे कळत नाही.

एकदा पुण्याच्या एका पाहुण्यानं न राहवून विचारलं, "काका, दुधात खडे आहेत का?"

सरांनी एक बोट वर केलं. म्हणजे थांबा. तोंडात घास असताना बोलायचं नाही, हा त्यांचा नियम दुधालाही लागू. पाहुणा थांबला. त्याचा पेला संपला, त्याच्या बायकोचा संपला, मागं रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला. अखेर घोट खाली उतरला आणि सर म्हणाले, "पावणं, पोटाला दात न्हाईत."

"पण हे दूध आहे."

"मग? दुधाला काय लाळ नको व्हय? मला सांगा, पचन कुठं सुरू होतं?"

"पोटात."

"नापास," सर म्हणाले आणि त्यांनी पुढचा घोट घेतला.

हे आमचे घाटगे सर. मंगळवार पेठेत आमच्या घराला लागूनच त्यांचं घर. त्यांचं माजघर आणि आमचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक हातभर बोळ, आणि आमची खिडकी उघडली की समोर त्यांची. हायस्कुलात त्यांनी आम्हाला विज्ञान शिकवलं. वर्गात ते अगदी पुस्तकी मराठी बोलत आणि शाळेचं फाटक ओलांडलं की अस्सल कोल्हापुरी. शाळेत पोरांनी त्यांचं नाव 'रवंथ सर' ठेवलं होतं. ते त्यांना माहीत होतं आणि त्याचा त्यांना राग नव्हता. "म्हशीला आपल्यापेक्षा जास्त अक्कल हाय," एवढंच म्हणत.

पचनाचा धडा आला की सर फडक्यात बांधून ज्वारीची कोरडी भाकरी वर्गात आणत. प्रत्येकाच्या हातावर एक तुकडा. तो तोंडात टाकायचा आणि सर सांगतील तोवर चावत राहायचं, गिळायचं नाही. अख्खा वर्ग मिटल्या तोंडानं जबडे हलवत बसलेला असायचा आणि सर बाकांमधून फिरत एकेकाच्या तोंडापाशी वाकून विचारायचे, "गोड लागली का?"

खरंच लागायची. नेटानं चावलं तर कोरड्या भाकरीला हळूहळू गोडसर चव यायची. मग सर फळ्यापाशी जाऊन सांगत, की लाळेत एक पाचक रस असतो, तो पिठाची साखर करायला लागतो. आणि मग आपल्याच गालावर टिचकी मारून त्यांचं ठरलेलं वाक्य टाकत, "आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ आहेत. पण पहिला कारखाना इथे आहे." मी पोरवयात भलताच खादाड. तुकडा तोंडात पडला की थेट खाली. मला विचारलं तेव्हा मी जोरात "हो सर" म्हटलं. त्यांनी मला तोंड उघडायला लावलं. आत काहीच नव्हतं. त्या दिवशी उरलेली सगळी भाकरी मला एकट्याला चावावी लागली, आणि जबडा असा दुखला की रात्री आईनं ओव्याची पुरचुंडी करून शेक दिला.

पुढं 'गोड लागली का' हा त्यांचा जगातल्या सगळ्या गोष्टींबद्दलचा प्रश्न झाला. कुणी नवी नोकरी धरली, घर बांधलं, लग्न केलं, की सर थोडे दिवस जाऊ देत आणि मग गाठून विचारत. माझ्या लग्नानंतर त्यांनी मला भर बाजारात, भाजीच्या पाट्यांसमोर विचारलं. सुनीता, म्हणजे माझी बायको, शेजारीच उभी होती. मी "हो सर" म्हटलं. या वेळी त्यांनी तोंड उघडायला लावलं नाही, एवढीच कृपा.

सरांना जेवायला बोलावणं हे धाडसाचं काम होतं. पंगतीत त्यांच्यामागं पुढच्या पंगतीचा माणूस ताटकळत उभा असायचा, वाढपी पत्रावळ्या गोळा करत त्यांच्यापर्यंत येऊन थबकायचे, आणि सर वरणभाताचा दुसरा घास निवांत चावत असायचे. एकदा मी त्यांना गडमुडशिंगीला माझ्या मामाकडं जत्रेच्या जेवणाला नेलं. मटणाचं जेवण. वाट्याच्या वाट्या तांबडा रस्सा लोक भुरकत होते आणि आमचे सर रस्सा चावत होते. मामा लांबून बघत होता. बराच वेळ त्यानं धीर धरला. मग तो उठला, चुलीपाशी गेला आणि धाकट्या भावावर गरजला, "मटान कच्चं र्‍हायलंय! मास्तराचं दात चाललंत थितं!" धाकटा म्हणाला, "माझं मटान कच्चं म्हनतोस व्हय?" दोघं एकमेकांच्या अंगावर धावले. सर बोट वर करून थांबा म्हणत होते, पण घास तोंडात असल्यामुळं खुलासा करता येत नव्हता. तो गिळून होईपर्यंत दोघा भावांनी एकमेकांच्या शेताच्या बांधापर्यंतची जुनी भांडणं उकरून काढली होती.

अशा या माणसाचा पराभव त्यांच्या घरातच होता. मालूकाकू, म्हणजे सरांची बायको. काकूंइतकं भराभर जेवणारं माणूस मी बघितलेलं नाही. सगळ्यांचं झालं की त्या ओट्याखाली पाट घेऊन बसायच्या, भाकरी रश्श्यात बुडवायच्या आणि ताट चाटूनपुसून उठायच्या. सर तोवर आपल्या पहिल्या भाकरीवर असायचे. "मालू, पोटाला दात न्हाईत गं," ते कळवळून म्हणायचे. काकू हात धुता धुता म्हणायच्या, "मला कामं हाईत. मी काय म्हस हाय व्हय, रवंथ करत बसाया?" सगळ्या शाळेला चावायला शिकवलेल्या माणसाला स्वतःच्या बायकोला एक घास चावायला लावता आला नाही.

पण काकूंच्या हाताला जी चव होती, ती पेठेत कुणाच्या हाताला नव्हती. आमच्या गल्लीत रविवारी कुणाकडंही मटण शिजलं की रश्श्याची एकेक वाटी शेजारपाजारी जाते. काकूंची वाटी आली की आमच्या घरात तिच्यावरून भांडणं व्हायची. आणि आमची वाटी त्यांच्याकडं गेली की थोड्या वेळानं समोरच्या खिडकीतून निकाल यायचा. "सुनीता, मसाला कच्चा र्‍हायलाय गं." "सुनीता, आज बरं जमलंय, पर खोबरं आनि भाजाय पायजे हुतं." सुनीताला राग यायचा, पण पुढच्या रविवारी ती खोबरं आणखी भाजायची.

गेल्या वर्षी दिवाळी झाली आणि काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं जड झालं आणि मग जवळजवळ थांबलंच. त्याहून वाईट म्हणजे गिळणं गेलं. पाणी पाजलं की ते श्वासनळीत जायचं, ठसका लागून त्या निळ्या पडायच्या. डॉक्टरांनी नाकातून पोटापर्यंत नळी घातली आणि घरी पाठवताना सांगितलं, "गिळायला लागल्या तर ही नळी काढू. नाहीच लागल्या, तर पोटाला छिद्र पाडून कायमची नळी बसवावी लागेल."

मुलगी बेंगळुरूहून आली, राहिली आणि नोकरीसाठी परत गेली. उरले सर आणि काकू. पातळ पेज, डाळीचं पाणी, औषधं, सगळं पिचकारीनं नळीत सोडायचं. पचन तोंडात सुरू होतं म्हणून आयुष्यभर घसा फोडणाऱ्या माणसाच्या घरात आता पचन थेट पोटात सुरू होत होतं. मला ते बघवत नसे, म्हणून मी भेटायला जायचो आणि लगेच उठायचो.

गल्लीनं मात्र आपल्या परीनं काळजी घेतली. म्हणजे काय केलं? खिडक्या लावून घेतल्या. कुणी बैठक घेतली नाही, कुणी कुणाला सांगितलं नाही. सुनीतानं पहिल्याच रविवारी खोबरं भाजायला घेतलं आणि उठून खिडकी ओढून घेतली. म्हणाली, "बिचारीला वास जाईल, आणि खाता तर येणार नाही." सगळ्याच घरांत हेच चालू झालं. रश्श्याच्या वाट्या सरांचं दार सोडून पुढं जायला लागल्या. आमच्या स्वयंपाकघरात धुरानं डोळे चुरचुरायचे, पण खिडकी उघडायची नाही. कोल्हापूरच्या माणसानं मटणाचा वास दाबून धरायचा, यापेक्षा मोठा त्याग आम्हाला तरी सुचला नाही.

त्याच सुमाराला कट्ट्यावरच्या बंडानं, म्हणजे आमच्या दूधवाल्यानं, मला एक बातमी दिली. "सर आता सकाळच्याला बी येत्यात. सांजचं बी. दोन टायम रवंथ चालू हाय बगा." मी हसलो. तोही हसला. एवढंच.

मग एका रविवारी सकाळी आमच्या दारावर थापा पडल्या. सर उभे होते. सदरा अंगावर लोंबत होता, गाल आत गेले होते. आत न येताच त्यांनी विचारलं, "खिडकी कशापायी लावलीया?"

मी सुनीताकडं बघितलं. ती म्हणाली, "सर, काकूंना वास... उगाच त्रास नको म्हणून."

"त्रास!" सर एवढ्या जोरात ओरडले की समोरचे दोघंतिघं बाहेर आले. "आरं, तुमी समद्यांनी मिळून माज्या बायकूचं नाक बंद करून टाकलंय! चिंच म्हनल्यावर तुज्या तोंडाला पाणी सुटतंय का न्हाई? सुटतंय न्हवं? चिंच खाल्लीस काय? न्हाई! मी तुमाला शिकवलं, पचन तोंडात सुरू होतंय. त्याच्या बी आदी ते नाकात सुरू होतंय, डोळ्यात होतंय, कानात होतंय. भांड्याचा आवाज आला तरी होतंय. गिळायचं शिकवाया बाई येत्यात त्या रोज म्हनत्यात, काकू, लाळ गिळा, लाळ गिळा. आरं, पर तोंडात लाळ तर याय पायजे! वास न्हाई, वाटी न्हाई, कोन भांडत न्हाई, मसाला कच्चा र्‍हायलाय म्हनाया मसालाच न्हाई. गिळंल काय ती?"

 मी आपलं हळूच विचारलं, "सर, तुमच्या घरात फोडणी पडतच असेल की."

 सरांनी माझा दंड धरला. मग म्हणाले, "चल. दाखवतो."

मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो. ओटा लख्ख होता. कढई, तवा, परात, सगळं पालथं घातलेलं आणि त्याच्यावर धूळ. गॅसवर फक्त पेजेचं एक पातेलं. डबा उघडला तर त्यात मऊ पडलेले, कुणी न खाल्लेले टोस्ट. मला काही विचारावं लागलं नाही.

"तिच्यासमोर कसं खायचं रे?" सर म्हणाले. "आनि तिच्यामागं जाऊन चोरून तरी कसं खायचं? पैल्यांदा केलं. भाकरी आनली खानावळीतनं. हितं बसलो, चावली. चावतोय, चावतोय, गोळा तसाच कोरडा. लाळच सुटंना. मलाच सुटंना! आता दूध तेवढं उतरतंय." ते ओट्याला टेकले. "चाळीस पोरांच्या वर्गात चावाया लाज वाटली न्हाई कदी. एकट्याला चावताना आवाज लई मोठा येतोय रे."

मला रडू आलं. मी तोंड फिरवून उगाच खिडकीची कडी बघत राहिलो. आम्ही त्यांच्या दोन वेळच्या रवंथावर हसलो होतो, आणि तेच त्यांचं दोन वेळचं जेवण होतं.

पुढच्या रविवारी गल्लीत जे झालं ते लग्नातही होत नाही. सरांनी दारोदार फिरून हुकूम सोडले. सगळ्या खिडक्या सताड उघड्या. खोबरं, कांदा, तीळ, सगळं एकदमच भाजायचं. ज्यांच्याकडं मटण नाही त्यांनी नुसती लसणाची फोडणी द्यायची. गिळण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनाही बोलावलं होतं. त्यांनी आधीच बजावलं होतं, की फक्त वास, तोंडात एक थेंबही नाही. काकूंना खुर्चीत ताठ बसवून खुर्ची माजघराच्या खिडकीत, म्हणजे बरोबर आमच्या ओट्यासमोर आणली. सर त्यांच्यापुढं उकिडवे बसले आणि त्यांच्या गळ्याकडं बघत राहिले.

तवे चढले. बोळात वास दाटला. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, बाईंच्याही सुटलं असावं, कारण त्यांनी रुमाल ओठाला लावला. काकू मात्र भिंतीकडं बघत होत्या. वाटलं, नाहीच होणार. इकडं सुनीता दर घडीला मान वर करून समोर बघत होती, आणि तिच्या तव्यातल्या खोबऱ्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

काकूंचं नाक आक्रसलं. मग गळ्याची घाटी एकदा वर गेली आणि खाली आली.

"गिळलं!" सर ओरडले. "बाई, बगितलासा? गिळलं तिनं!"

बाई मान हलवत होत्या. पण काकूंचं लक्ष त्यांच्याकडं नव्हतं. त्यांनी डोळे उचलून आमच्या खिडकीकडं बघितलं, ओठ वेडेवाकडे झाले, आणि जड जिभेनं, एकेक अक्षर ओढत त्या म्हणाल्या, "कर...पलं."

सुनीतानं तव्याकडं बघितलं. खोबरं काळंकुट्ट झालं होतं. ती तिथंच, हातात उलथणं घेऊन, हुंदके देत हसायला लागली. सबंध गल्लीला ती दिवसभर सांगत होती, "काकूंनी माझं खोबरं करपलं म्हणून सांगितलं!" नापास झाल्याचा एवढा आनंद आमच्या सरांच्या कुठल्याच विद्यार्थ्याला झाला नसेल.

त्यानंतरही चुटकीसरशी काही झालं नाही. रोज खिडकी, रोज वास, रोज बाईंचे व्यायाम. काकू आधी लाळ गिळायला लागल्या, मग बाईंच्या देखरेखीखाली चमचाभर दाट खीर. मधे एकदा पुन्हा ठसका लागला तेव्हा सर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. पण पोटाला छिद्र पाडायची वेळ आली नाही. डॉक्टरांनी तपासलं आणि नाकातली नळी काढली. मऊ, कुस्करलेलं, ताठ बसून, अगदी सावकाश, असं त्यांनी तीनतीनदा बजावलं. सावकाश हा शब्द ऐकून सरांचा चेहरा उजळला.

पहिल्या जेवणाला त्यांनी मला आणि सुनीताला बोलावलं. भाकरी सरांनी स्वतः थापली होती. तिला एका बाजूला पन्हाळ्याचा उतार होता आणि दुसऱ्या बाजूला भोक. ती त्यांनी दुधात भिजवून, कुस्करून मऊ लगदा केला होता. काकूंच्या पुढ्यात बसून चमचाभर त्यांच्या तोंडात ठेवला आणि स्वतःचं तोंड मिटून, रिकामाच जबडा हलवून दाखवायला लागले. डावीकडून उजवीकडं, सावकाश. काकू त्यांच्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग त्यांचाही जबडा हलायला लागला. जन्मभर ज्या बाईनं घास चावला नाही, ती समोर बसून, नवऱ्याकडं बघून, मन लावून चावत होती.  घास उतरला. ठसका लागला नाही.

सर पुढं वाकले. वर्गात बाकापाशी वाकायचे तसेच. "मालू," ते म्हणाले, "गोड लागली का?"

 काकू त्यांच्या आत गेलेल्या गालांकडं, लोंबणाऱ्या सदऱ्याकडं बघत होत्या. इतक्या दिवसांत बहुतेक पहिल्यांदाच नीट बघत होत्या.

"तुमी..." त्या थांबल्या, पुन्हा जीभ गोळा केली. "तुमी ज्येवलासा?"

"व्हय," सर म्हणाले.

काकूंनी डाव्या हातानं वाटी त्यांच्याकडं सरकवली. सर नको नको म्हणाले. काकूंनी वाटीवरचा हात काढला नाही. मग सरांनी एक घास उचलला, तोंडात घातला, आणि त्यांचे डोळे भरून आले. जबडा काही हलेना. तो घास त्यांनी तसाच, आख्खा, गपकन गिळून टाकला.

काकूंनी ते बघितलं.

"चावा की," त्या म्हणाल्या.